कोरल रीफवर नवीन मासा सापडला, पुढे काय? प्रजातीला नाव मिळेपर्यंतचा सगळा प्रवास

"शास्त्रज्ञांना सापडला नवीन मासा!" अशी बातमी दर थोड्या दिवसांनी आपल्या फीडमध्ये येते. खाली गुलाबी-जांभळ्या रंगाच्या एका भन्नाट माशाचा फोटो असतो. आपण लाइक करतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण तो मासा 'नवीन' आहे हे ठरवलं कोणी? गूगल लेन्सला ओळखता आला नाही म्हणजे तो नवीन झाला का? आणि स्नॉर्कलिंग करताना तुमच्या फोनमध्ये असाच एखादा अनोळखी मासा टिपला गेला, तर त्याला तुमचं नाव मिळेल का?

या लेखात आपण हेच पाहणार आहोत: समुद्रातल्या कोरल रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या वस्तीत, नवीन मासा सापडतो कसा, तो नवीन आहे हे सिद्ध कसं होतं, त्याला नाव कसं मिळतं आणि या सगळ्यात तुमच्या हातातल्या फोनचा उपयोग किती.

आधी थोडक्यात उत्तर

- मासा पहिल्यांदा दिसणं म्हणजे प्रजातीचा शोध लागणं नव्हे.
- तो आधी नाव मिळालेल्या कोणत्याही माशाशी जुळत नाही, हे पुराव्यासह दाखवावं लागतं.
- नमुना संग्रहालयात ठेवून, वर्णन छापून, नियमांनुसार नाव दिलं की विज्ञानाच्या नोंदीत ती प्रजाती 'नवीन' म्हणून येते.
- या प्रवासाला काही महिने लागू शकतात आणि कधी कधी ३० वर्षंही लागतात.

'नवीन' म्हणजे कोणासाठी नवीन?

पहिला गैरसमज इथेच दूर करू. नवीन प्रजाती म्हणजे नुकताच जन्माला आलेला मासा नाही. तो हजारो-लाखो वर्षांपासून तिथेच राहत असतो. तिथल्या मच्छीमारांनी तो अनेकदा पाहिलेला असतो, त्यांच्या बोलीत त्याला नावही असू शकतं. नवीन असते ती फक्त विज्ञानाच्या यादीतली नोंद.

ही यादी केवढी आहे? कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस ही संस्था 'एशमायर्स कॅटलॉग ऑफ फिशेस' नावाचा ऑनलाइन डेटाबेस चालवते. जगातल्या माशांची आजवर दिली गेलेली सगळी नावं त्यात आहेत. त्यानुसार आज मान्य असलेल्या माशांच्या प्रजाती ३६ हजारांहून जास्त आहेत आणि दरवर्षी त्यात काहीशे नव्या नावांची भर पडते. हा डेटाबेस कोणीही फुकट उघडून पाहू शकतं. म्हणजे "हा मासा नवीन आहे का?" या प्रश्नाचा खरा अर्थ "या हजारो नावांपैकी एकही याला लागू होत नाही का?" असा आहे. सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं.

एक खरी गोष्ट: ३० वर्षं चुकीच्या नावाने राहिलेला मासा

मालदीवच्या समुद्रात ४० ते ७० मीटर खोलीवर एक छोटा, देखणा मासा राहतो. नर गुलाबी, किरमिजी आणि जांभळट छटांचा असतो. संशोधकांनी तो १९९० च्या दशकातच पकडला होता. म्हणजे 'सापडून' झाला होता. तरी २०२२ पर्यंत त्याला स्वतःचं नाव नव्हतं.

कारण असं. त्याआधी १९८३ मध्ये, मालदीवच्या दक्षिणेकडच्या चागोस बेटांवरून 'सिरिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस' या माशाचं वर्णन झालं होतं. हे वर्णन फक्त एका नमुन्यावरून केलेलं होतं आणि तो नमुनाही पिल्लाचा होता. या गटातल्या माशांना फेअरी रॅस म्हणतात. यांची पिल्लं एकमेकांसारखीच दिसतात. खरा फरक दिसतो तो मोठ्या नरांमध्ये. त्यातही गंमत म्हणजे हे मासे आधी मादी असतात आणि त्यातले काही पुढे नर होतात. रंग तेव्हा खुलतात.

त्यामुळे मालदीवमध्ये मोठा, रंगीत मासा मिळाला तेव्हा "चागोसचं पिल्लू मोठं झालं की असंच दिसत असेल" असा अंदाज बांधला गेला. अंदाज अगदी चुकीचा वाटण्यासारखा नव्हता. पण तो पुढे तसाच चालू राहिला.

मग यी-काय टी, अहमद नजीब, जोसेफ रोलेट आणि लुईझ रोशा या चौघांनी हे प्रकरण पुन्हा उघडलं. मालदीवचे मोठे मासे आणि पिल्लं दोन्ही घेतली. खवले मोजले, पाठीवरच्या काट्यांची उंची मोजली, नरांचे रंग नोंदवले, डीएनए तपासला आणि हे सगळं चागोसच्या त्या एकमेव नमुन्याशी ताडून पाहिलं. ते जुळलं नाही. मासे दोन वेगळ्या प्रजातींचे निघाले.

मार्च २०२२ मध्ये 'झूकीज' या जर्नलमध्ये नवीन नाव छापून आलं: 'सिरिलॅब्रस फिनिफेन्मा'. फिनिफेन्मा म्हणजे मालदीवच्या धिवेही भाषेत गुलाब. गुलाबी गुलाब हे मालदीवचं राष्ट्रीय फूल आहे. (धिवेही ही मराठीसारखीच इंडो-आर्यन कुळातली भाषा, म्हणजे आपली लांबची बहीण.) आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे अहमद नजीब स्वतः मालदीवचे संशोधक आहेत. मालदीवच्या समुद्रात शेकडो जातींचे मासे आहेत, पण एखाद्या माशाचं शास्त्रीय वर्णन करण्यात मालदीवच्या संशोधकाचं नाव लागण्याची ही पहिलीच वेळ होती.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढची प्रत्येक पायरी समजायला ती कामाला येईल.

पायरी १: शोधायचं कुठे?

उथळ रीफवर डायव्हर, स्नॉर्कल करणारे आणि कॅमेरे सतत फिरत असतात. तिथेही नवीन मासे मिळतात, पण बहुतेक वेळा ते अगदी छोटे आणि लपून राहणारे असतात. मोठा, रंगीत, ठळक नवीन मासा हवा असेल तर खाली जावं लागतं.

साधारण ३० ते १५० मीटर खोलीच्या पट्ट्याला 'ट्वायलाइट झोन' म्हणजे संधिप्रकाशाचा पट्टा म्हणतात. इथे सूर्यप्रकाश अगदी मंद पोहोचतो. हौशी स्कूबा डायव्हिंगची मर्यादा साधारण ४० मीटर मानतात, त्यामुळे साधे डायव्हर इथे जात नाहीत. खूप खोल जाणाऱ्या पाणबुड्या महाग असतात आणि त्या बहुधा याच्याही खाली कामाला लावल्या जातात. या दोन्हीच्या मधला पट्टा त्यामुळे बराच काळ दुर्लक्षित राहिला.

इथे कामाला आलं ते 'रीब्रीदर' हे यंत्र. साध्या स्कूबामध्ये सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. रीब्रीदर तोच श्वास परत वापरतं. त्यातला कार्बन डायऑक्साइड एका रसायनात शोषला जातो, सेन्सर ऑक्सिजन किती उरला ते मोजतात आणि जितका कमी झाला तितका यंत्र पुन्हा भरतं. खोलवर साधी हवा धोकादायक ठरते, म्हणून तिच्यात हेलियम मिसळतात. बुडबुडे जवळजवळ नसल्यामुळे मासेही कमी बिचकतात.

पण किंमत मोजावी लागते. १०० मीटरच्या खाली दहा-पंधरा मिनिटं काम केलं, तर वर यायला काही तास लागू शकतात. घाईने वर आलं तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात आणि जीवावर बेततं.

याचं प्रसिद्ध उदाहरण २०१७ मधलं आहे. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर आत, सेंट पॉल्स रॉक्स नावाच्या एकाकी खडकांजवळ हडसन पिन्हेइरो आणि लुईझ रोशा सुमारे १२० मीटर खोलीवर होते. समोर गुलाबी-पिवळा मासा दिसला आणि दोघं त्याच्यात इतके गुंगले की डोक्यावरून एक भलामोठा सिक्सगिल शार्क पोहत गेला, तरी त्यांना पत्ता लागला नाही. सहकाऱ्याने घेतलेल्या व्हिडिओत तो शार्क स्पष्ट दिसतो. त्या माशाला २०१८ मध्ये सौंदर्यदेवतेवरून नाव मिळालं: 'टोसॅनॉइडिस ॲफ्रोडाइट'.

पायरी २: पकडणं, फोटो आणि जतन

मासा पकडायला लहान हातजाळी वापरतात, गरज पडल्यास भूल देणारं द्रावणही. अर्थात हे सगळं त्या देशाच्या सरकारी परवानगीनेच.

पाण्याबाहेर आल्यावर घड्याळ सुरू होतं, कारण माशाचा रंग लवकर उतरतो. म्हणून ताज्या माशाचे पर पसरून, टाचण्यांनी बसवून लगेच फोटो घेतात. पर ताठ राहावेत म्हणून त्यांना फॉर्मेलिन लावतात. हवाईचे जॉन रँडल या पद्धतीच्या फोटोंसाठी ओळखले जायचे. २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. तोपर्यंत त्यांनी माशांच्या ८०० हून जास्त प्रजातींचं वर्णन केलं होतं. वर सांगितलेल्या चागोसच्या माशाच्या नावामागेही तेच होते.

फोटोनंतर डीएनएसाठी मांसाचा किंवा पराचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात. बाकी मासा आधी फॉर्मेलिनमध्ये आणि मग अल्कोहोलच्या बरणीत जातो. तिथे तो शंभर वर्षंही टिकू शकतो, पण रंग जवळपास पूर्ण जातो. जुन्या बरणीतल्या पांढरट-पिवळट माशाकडे बघून तो जिवंतपणी कसा दिसत असेल याची कल्पना येत नाही. याला अपवाद आहे 'सिरिलॅब्रस वकांडा'. टांझानियातल्या झांझिबारजवळ सापडलेल्या या माशाला २०१९ मध्ये नाव मिळालं. त्याच्या खवल्यांचा जांभळा रंग बरणीतही टिकला. 'ब्लॅक पँथर' पाहिला असेल तर हे नाव कुठून आलं ते सांगायला नको.

पायरी ३: तुलना, म्हणजे खरं काम

हा भाग बातमीत कधी दिसत नाही, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

*मोजणी:* प्रत्येक परात किती कडक काटे, किती मऊ काड्या, अंगावर खवल्यांच्या किती रांगा, कल्ल्यांवर किती दाते. फेअरी रॅसच्या गटात बहुतेक माशांच्या पाठीच्या परात ११ काटे आणि ९ मऊ काड्या असतात. म्हणजे नुसती मोजणी करून भागत नाही. काट्यांची उंची, शेपटीचा आकार असे बारीक फरक शोधावे लागतात.

*एक्स-रे:* मासा न कापता मणके आणि हाडं मोजता येतात.

*जुने नमुने:* प्रत्येक प्रजातीचा एक मूळ नमुना संग्रहालयात ठेवलेला असतो. त्याला 'होलोटाइप' म्हणतात. तुमच्या फोनमधल्या फाइलच्या कितीही कॉपी झाल्या तरी मूळ फाइल एकच असते, तसंच हे. वाद झाला की त्याच्याकडेच जायचं. तो लंडनला, पॅरिसला किंवा हवाईला असू शकतो. आज अनेक संग्रहालयं फोटो आणि एक्स-रे ऑनलाइन ठेवतात, त्यामुळे काम थोडं सोपं झालंय.

*डीएनए:* माशांसाठी सहसा सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. याला डीएनए बारकोड म्हणतात. ही कल्पना २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी मांडली. दुकानातल्या वस्तूचा बारकोड स्कॅन करावा तसा हा तुकडा ऑनलाइन डेटाबेसमध्ये टाकून कोणाशी जुळतो ते बघतात.

पण डीएनए हा शेवटचा निकाल नाही. काही रीफ मासे एकमेकांपासून अलीकडेच वेगळे झालेले असतात. दिसायला स्पष्ट वेगळे, पण बारकोडमध्ये फरक अगदी थोडा. उलटंही घडतं: दिसायला सारखे, डीएनए वेगळा. म्हणून रंग, मोजमाप, डीएनए आणि मासा राहतो ती जागा, असे सगळे पुरावे एकत्र ठेवूनच निर्णय होतो.

पायरी ४: नाव आणि प्रकाशन

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांसाठी जगभर एकच नियमावली चालते. ती 'इंटरनॅशनल कमिशन ऑन झूलॉजिकल नोमेनक्लेचर' ही संस्था सांभाळते. मुख्य नियम असे:

१. नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द गटाचा, दुसरा त्या प्रजातीचा. प्राण्यांसाठी ही पद्धत लिनियसच्या १७५८ च्या पुस्तकापासून मोजली जाते.

२. होलोटाइप कोणता आणि तो कुठे ठेवलाय हे स्पष्ट लिहावं लागतं.

३. इतरांपासून हा मासा वेगळा कसा ओळखायचा ते वर्णनात असावं लागतं.

४. ते सगळं रीतसर प्रकाशित व्हावं लागतं. २०१२ पासून ऑनलाइन प्रकाशनही चालतं, पण त्याची 'झूबँक' या वेबसाइटवर नोंद हवी.

५. एकाच प्रजातीला दोन नावं दिली गेली असतील तर सहसा आधीचं नाव टिकतं.

चौथा नियम नीट बघा. बातमी, व्हिडिओ किंवा सोशल मीडिया पोस्ट यांनी नाव अधिकृत होत नाही. लाखो व्ह्यूज आले तरी नाही.

नाव काय ठेवायचं यात मात्र बरीच मोकळीक आहे. २०१६ मध्ये बराक ओबामांनी हवाईजवळचं सागरी संरक्षित क्षेत्र खूप वाढवलं. तिथेच सुमारे ९० मीटर खोलीवर मिळालेल्या माशाला त्याच वर्षी 'टोसॅनॉइडिस ओबामा' नाव दिलं गेलं. ते देणाऱ्यांपैकी एक रिचर्ड पाइल. रीब्रीदर घेऊन खोल उतरणारे हे मत्स्यशास्त्रज्ञ झूबँकच्या उभारणीतही आघाडीवर होते.

नाव नसेल तर बिघडतं काय?

"मासा तर तिथेच आहे, नावाने काय फरक पडतो?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी पुन्हा मालदीवच्या गुलाबाकडे जाऊ.

दोन्ही मासे एकच समजले जात होते, तेव्हा ती एकच प्रजाती मालदीवपासून चागोसपर्यंत पसरलेली आहे असं वाटायचं. दोन प्रजाती निघाल्यावर प्रत्येकीचा माहीत असलेला टापू एकदम छोटा झाला. मोठ्या भागात पसरलेल्या माशावर एका ठिकाणी संकट आलं, तर दुसरीकडे तो वाचू शकतो. छोट्या टापूतल्या माशाला ती सोय नाही. समुद्रात काहीच बदललं नव्हतं. बदलला तो फक्त आपला हिशोब, आणि तो आधी चुकीचा होता.

दुसरी गोष्ट व्यापाराची. शास्त्रीय नाव मिळण्याआधीच हा मासा ॲक्वेरियमसाठी विकला जात होता. संशोधकांच्या मते त्याची संख्या सध्या बरी आहे. पण ज्याची नोंदच नाही तो मासा किती पकडला, किती उरला हे मोजायचं कोणत्या नावाखाली? धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी असो, व्यापाराचे नियम असोत किंवा संरक्षित क्षेत्राचा आराखडा, सगळीकडे पहिला रकाना प्रजातीच्या नावाचा असतो. तो रिकामा असेल तर पुढचं काहीच भरता येत नाही.

समुद्राचं पाणी तापतंय आणि प्रवाळ पांढरे पडून मरतायत. म्हणजे काही मासे नाव मिळण्याआधीच नाहीसे होण्याची भीती खरी आहे. अशा माशांचं काय गेलं हे आपल्याला कधी कळणारही नाही.

फोनमधला एआय 'नवीन' मासा का ओळखू शकत नाही?

आता तुमच्या खिशातल्या गोष्टीकडे वळू. गूगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्टसारखी ॲप्स फोटोवरून प्राणी ओळखतात. त्यामागचं मॉडेल लाखो फोटोंवर शिकलेलं असतं, पण ते फोटो आधीच नाव असलेल्या प्रजातींचे असतात. नवीन फोटो दिला की मॉडेल माहितीतल्यापैकी जवळात जवळचा पर्याय शोधतं.

म्हणजे १९९० च्या दशकात जी चूक माणसांनी केली, तीच चूक ॲप सहज करू शकतं: अनोळखी माशाला ओळखीचं नाव चिकटवणं. आयनॅचरलिस्ट खात्री नसेल तर प्रजातीऐवजी फक्त गटाचं नाव सुचवतं, ते बरं आहे. पण "हा विज्ञानासाठी नवीन आहे" हे उत्तर त्याच्याकडे नाही. ॲपला मासा ओळखता आला नाही, तरी तो नवीन असेलच असं नाही. कदाचित फोटो धूसर असेल किंवा त्या माशाचे फोटो मॉडेलला कमी मिळाले असतील.

मग फोटोचा उपयोगच नाही का? आहे, आणि मोठा आहे

दक्षिण आफ्रिकेच्या सोडवाना बे इथे २०१७ मध्ये एका डायव्हिंग शिकवणाऱ्या तरुणीला शेवाळात जेमतेम २ सेंटिमीटरचा समुद्रघोडा दिसला. तिने काढलेले फोटो पुढे समुद्रघोड्यांच्या तज्ज्ञांपर्यंत पोहोचले. इतके छोटे समुद्रघोडे तोपर्यंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माहीतच नव्हते. त्यांचे भाऊबंद हजारो किलोमीटर दूर, आग्नेय आशियाच्या बाजूला सापडतात. तज्ज्ञ तिथे गेले, नमुने घेतले, तुलना केली आणि २०२० मध्ये नाव जाहीर झालं: 'हिप्पोकॅम्पस नालू'. नालू हा त्या तरुणीच्या नावातला मधला शब्द. झुलू आणि खोसा भाषांत त्याचा अर्थ 'हा बघा, इथे आहे' असा होतो. याहून नेमकं नाव कुठलं असणार!

फोटोने शोध पूर्ण झाला नाही, पण सुरू झाला. तज्ज्ञाला "इथे येऊन बघा" म्हणणारा पुरावा तुमच्याकडून जाऊ शकतो.

तुम्ही काय करू शकता?

आपल्याकडे मालवणजवळ प्रवाळ आहेत आणि तिथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. विजयदुर्गच्या समोर, किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत कान्होजी आंग्रेंच्या नावाने ओळखली जाणारी 'आंग्रिया बँक' ही बुडालेली पठारी जागा आहे, तिच्यावरही प्रवाळ आहेत. मालवण, गोवा, अंदमान किंवा लक्षद्वीपला जात असाल तर एवढं करा:

- बाजूने फोटो घ्या. पूर्ण मासा आणि सगळे पर दिसले पाहिजेत. शक्य असेल तर दोन-तीन फोटो आणि छोटा व्हिडिओ.
- रंगांवर लगेच विश्वास ठेवू नका. पाणी लाल रंग आधी शोषतं, त्यामुळे काही मीटर खालीच सगळं निळसर-हिरवं दिसतं. टॉर्च असेल तर वापरा. फिल्टर लावू नका आणि मूळ फाइल जपून ठेवा.
- जागा आणि खोली लिहून ठेवा. पाण्याखाली जीपीएस चालत नाही. बोटीवर असतानाच लोकेशन सेव्ह करा.
- फोन तसाच पाण्यात नेऊ नका. आयपी६८ रेटिंगची चाचणी गोड्या पाण्यात, ठरावीक खोली आणि वेळेपुरती असते. खाऱ्या पाण्यासाठी वेगळं वॉटरप्रूफ कव्हर घ्या.
- आयनॅचरलिस्टवर टाका. तिथे जगभरचे तज्ज्ञ फोटो तपासतात. नक्की नाव माहीत नसेल तर नुसतं 'मासा' असं लिहा. अंदाजाने नाव टाकण्यापेक्षा ते बरं.
- पकडू नका, हात लावू नका, प्रवाळावर उभे राहू नका. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मला नवीन मासा सापडला तर त्याला माझं नाव मिळेल का?*
मिळू शकतं, पण ते वर्णन करणारे संशोधक ठरवतात. स्वतः वर्णन करून स्वतःचंच नाव द्यायला नियमांत बंदी नाही, पण ते वाईट समजलं जातं.

*फक्त फोटोवरून प्रजाती जाहीर करता येते का?*
अगदी क्वचित असं झालंय आणि त्यावर वाद होतात. माशांसाठी संग्रहालयात ठेवलेला नमुना हीच नेहमीची पद्धत आहे.

*नाव देण्यासाठी मासा मारणं योग्य आहे का?*
संशोधक मोजके नमुने घेतात आणि तेही परवानगीने. तो नमुना पुढच्या पिढ्यांना पुन्हा तपासता येतो. चागोसचं ते एक पिल्लू जपून ठेवलं होतं, म्हणून तर जवळपास ४० वर्षांनी चूक पकडता आली.

*भारतात नवीन प्रजाती सापडली तर नियम काय?*
जैवविविधता कायदा, २००२ नुसार नवीन प्रजातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला द्यावी लागते आणि नमुनाही तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी यातली मुख्य संस्था म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेली झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, कोलकाता.

पुढच्या वेळी बातमी दिसली की...

एवढं तपासा: नाव कोणत्या जर्नलमध्ये छापलंय, होलोटाइप कुठे ठेवलाय आणि आधी हा मासा कोणता समजला जात होता. ही तीन उत्तरं मिळाली तर बातमी पक्की समजा. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नक्की वाचा, कारण बऱ्याचदा खरी गोष्ट तिथेच असते: मासा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, फक्त त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारली जात होती.